पाटे बसायला वेळ लागतो

जानराव सरकट्यांना त्यांच्या गाडीबद्दल काहीही बोललेलं चालत असे, फक्त 'मागून बसली' एवढं सोडून. रंग उडाला म्हणा, आवाज फार करते म्हणा, डिझेल पिते म्हणा, ते मान डोलावून कबूल करत. पण "सरकटे साहेब, गाडी मांगून बसली बरं तुमची," असं कोणी म्हटलं, की घरातल्या माणसाच्या दुखण्याची परक्याने चौकात चौकशी करावी तसा त्यांचा चेहरा होई. मग ते गंभीरपणे उत्तर देत, "बसली नाही, जरा टेकली."

जानराव भूमी अभिलेख खात्यातून भूकरमापक म्हणून निवृत्त झालेले. सगळी नोकरी लोकांचे वाकडे बांध सरळ करण्यात गेली. तिरपी वस्तू त्यांना सहनच होत नसे. कुणाकडे चहाला गेले तरी आधी भिंतीवरचा फोटो सरळ करायचे आणि मग खुर्चीत बसायचे. आता अशा माणसाची स्वतःचीच गाडी, तीही दारासमोर, बुलढाण्याच्या भर कॉलनीत, तोंड आभाळाकडे आणि बूड जमिनीकडे करून उभी असेल, तर त्याच्या मनाची काय अवस्था होत असेल?

गाडी तशी दणकट होती. जुनी, चारही चाकांनी ओढणारी पिकअप. डोंगरावर मोबाईलचे टॉवर उभारणाऱ्या एका ठेकेदाराकडून घेतलेली. घेतली ती बेबीताईंसाठी, म्हणजे जानरावांच्या पत्नीसाठी. बेबीताईंनी देऊळघाटच्या वरच्या अंगाला, जिथे नांगर घालायलाही कोणी तयार नव्हतं अशा मुरमाड उतारावर, सीताफळं लावली होती. लोक हसले होते. झाडं हसली नाहीत, वाढली. यंदा पहिला खरा बहर आला आणि बेबीताईंनी जाहीर केलं की माल व्यापाऱ्याला द्यायचा नाही. आपल्या गाडीत भरायचा, शेगावला न्यायचा आणि आपल्या हाताने विकायचा. शेगावला रोज हजारो माणसं दर्शनाला येतात आणि परत जाताना प्रत्येकाला घरी काहीतरी न्यायचं असतं, हा त्यांचा हिशोब होता. त्यात खोट नव्हती. खोट गाडीच्या मागच्या बाजूला होती.

तरीही जानरावांनी गाडी दुरुस्तीला काढली नसती. काढली ती समता मॅडममुळे.

समता मॅडम म्हणजे त्या भागात नव्याने आलेल्या तलाठी. रेतीची चोरटी वाहतूक पकडायच्या पथकात त्यांची नेमणूक झाली होती आणि कामाची त्यांना मनापासून हौस होती. फाट्यावर उभं राहून त्या गाड्यांच्या तोंडाकडे बघतच नसत. मागच्या बाजूकडे बघत. मागून दबलेली गाडी म्हणजे भरलेली गाडी, आणि भरलेली गाडी म्हणजे रेती.

त्यांनी जानरावांना थांबवलं. ताडपत्री काढायला लावली. हौद्यात ठिबकच्या नळीचं एक वेटोळं आणि बेबीताईंचा जेवणाचा डबा होता. मॅडमनी डबाही उघडून पाहिला.

"काका, रेती कुठं टाकली?"

"रेती नव्हतीच मॅडम. गाडी रिकामीच आहे."

"मग ती अशी काऊन दिसते?"

जानरावांनी गाडीच्या बुडाकडे पाहिलं. 'टेकली' हा शब्द त्यांच्या ओठावर आला होता, पण सरकारी माणसासमोर अर्धवट शब्द वापरायचा नाही अशी त्यांची सवय होती. मॅडमनी कागदावर लिहिलं: 'सदर वाहनात रेती आढळून आली नाही, तथापि वाहनाचा मागील भाग रेती असल्याप्रमाणे दिसून येतो.' आणि त्याखाली जानरावांची सही घेतली. ज्या माणसाने आयुष्यभर पंचनामे लिहिले, त्याला स्वतःच्या गाडीच्या बुडाबद्दलच्या पंचनाम्यावर सही करावी लागली. घरी येईपर्यंत ते बोलले नाहीत. बेबीताईही बोलल्या नाहीत, पण त्यांचं कारण वेगळं होतं. डब्यातल्या भाजीत धूळ गेली होती.

संध्याकाळी जानरावांनी गाडीखाली वाकून पाहिलं आणि तिथेच त्यांची चूक झाली. कॉलनीत तुम्ही गाडीत बसलात तर कोणी विचारत नाही, पण गाडीखाली वाकलात की सगळे येतात.

पहिले आले शेजारचे किसनराव. ते एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेले. हे ऐकून परका माणूस आदराने मागे सरकतो. पण किसनराव वर्कशॉपात होते ते स्टोअरला. म्हणजे एसटीचा प्रत्येक पार्ट त्यांच्या हातून गेला होता, पण खिडकीतून. पाना त्यांनी दिला भरपूर, फिरवला एकही नाही. त्यांनी टॉर्च मारली, बराच वेळ मारून ठेवली आणि म्हणाले, "पाटे." म्हणजे चाकांवरच्या, गाडीचं ओझं झेलणाऱ्या कमानदार पोलादी पट्ट्या.

"पाट्यांचं काय?"

"गेले. पोलादाचे असले म्हणून काय झालं, ओझं वाहून वाहून सपाट होतात जी. त्याईले कमान भरा लागते. नाही तर नवे टाका. नाही तर एक जादा टाका. नाही तर..." किसनरावांकडे प्रत्येक रोगावर चार औषधं असत आणि कोणतं घ्यायचं हे ते कधीच सांगत नसत.

समोरच्या पुष्पाबाई कंपाउंडपर्यंत आल्या. त्यांच्या दिराच्या टेम्पोला असंच झालं होतं आणि त्याने दोन जुने टायर आत कोंबून सगळं ठीक केलं होतं. टेम्पो सध्या कुठे आहे, असं जानरावांनी विचारलं. तो विकला, असं उत्तर मिळालं. "पण खरं सांगू काय भाऊ, तिले नजर लागली. मांगं लिंबू-मिरची बांधा."

"आमच्यात नसते ते," जानराव शांतपणे म्हणाले.

"तुमच्यात नसन. गाडी तर तुमच्यातली नाही न. टॉवरवाल्याची आहे ते."

हे म्हणता म्हणता पुष्पाबाईंनी लिंबू बांधलंही होतं. मात्र गाडीचं बूड इतकं खाली होतं, की दुसऱ्या दिवशी लिंबू चौकापर्यंत रस्त्यावरून फरफटत गेलं आणि तिथे संपलं. मिरच्या टिकल्या. मुलगा प्रसेनजित पुण्याहून फोनवर म्हणाला, "पप्पा, मागे एअरबॅग लावून घ्या, हवा भरली की गाडी वर येते." जानरावांनी किसनरावांना विचारलं. किसनराव म्हणाले की त्यांच्या काळात स्टोअरला हवा येत नव्हती.

शेवटी गाडी गजेंद्रकडे गेली.

गजेंद्रचं पाट्यांचं दुकान धाड रोडवर, बाभळीच्या झाडाखाली. गजेंद्र तिशीतला, हसरा, आणि त्याचा आत्मविश्वास इतका जबरदस्त, की त्याच्याकडे बिघाड घेऊन आलेला माणूस आपणच उगाच घाबरलो असं मनात म्हणत परत जाई. त्याने गाडीला मागून एक लाथ मारली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "काका, काहीच नाही. कमान भरून देतो. उद्या घेऊन जा."

'उद्या' हा शब्द गजेंद्र चांगल्या मनाने वापरत असे.

झालं असं, की पाटे ज्या यू-बोल्टांनी धरलेले असतात ते गंजून एकजीव झाले होते. ते कापावे लागले. कापताना बाजूचं रबर जळालं. नवं रबर बुलढाण्यात मिळालं नाही, खामगावला मिळालं, पण खामगावहून आणलं तेव्हा ते दुसऱ्याच गाडीचं निघालं. ते बदलायला जानराव एसटीने पुन्हा खामगावला गेले आणि योग्य रबर घेऊन परत आले, तर दुकान बंद. गजेंद्र मेहुणीच्या साखरपुड्याला गेला होता आणि दुकानाची किल्ली त्याच्या खिशात गेली होती. बाहेर बाभळीखाली गाडी होती. मागची चाकं काढलेली, विटांवर उभी, पाटे जमिनीवर काढून ठेवलेले.

गाडी अशी उघड्यावर सोडून जाणं जानरावांना पटेना. ते एका टायरवर बसून राहिले. थोड्या वेळाने एक ट्रॅक्टरवाला आला आणि त्यांना विचारू लागला, "का मालक, दुकान कवा उघडते?" जानरावांनी आधी सौम्यपणे सांगितलं की आपण मालक नाही. दुसऱ्या माणसाला त्यांनी सांगितलं की गजेंद्र उद्या येईल. तिसरा आला तेव्हा त्यांनी उठून त्याच्या ट्रॉलीखाली डोकावलं, थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "पाटे." त्या माणसाने हात जोडले. जानरावांना इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बरं वाटलं.

तेवढ्यात बेबीताईंचा फोन आला. त्या मळ्यात होत्या.

"जयभीम, बोल."

"उघडले जी डोळे," बेबीताई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीच मोठा, त्यात फोन जुना. "सगळ्यात आधी वरच्या अंगाच्याईनं उघडले. आता दोन दिवस. दोन दिवसात नाही नेले तर गेले समजा."

ट्रॉलीवाल्याने टोपी काढली. "कोण आहे जी दवाखान्यात?"

"सीताफळं," जानराव म्हणाले.

त्या माणसाने टोपी पुन्हा घातली. पण सीताफळ ज्याने लावलं त्यालाच हे दुखणं कळतं. डोळे उघडेपर्यंत ते दगड असतं, आणि उघडले की नुसती साय. मध्ये जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात ते झाडावरून उतरून गिऱ्हाइकाच्या हातात पडायला हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गजेंद्र आला तो साखरपुड्याचा पेढा घेऊनच, त्यामुळे जानरावांना त्याला काही सुनावता आलं नाही. तो कामाला मात्र झटून लागला. भट्टी पेटवली, पाटे तापवले, ठोकून कमान भरली. मग त्याच्या डोक्यात आलं, की काकांना इतके दिवस ताटकळत ठेवलं, तर काहीतरी जास्तीचं दिलं पाहिजे. कोपऱ्यात ट्रकचा एक जाडजूड पाटा पडला होता. तो त्याने मोठ्या मनाने खाली घातला. दोन्ही बाजूंना.

"आता ह्या गाडीत हत्ती बसवा," तो म्हणाला.

जॅक काढला आणि गाडी खाली यायच्या ऐवजी जागच्या जागीच राहिली. जानराव चार पावलं मागे गेले आणि त्यांनी मान वाकडी केली. मग दुसऱ्या बाजूला वाकडी केली. बूड आभाळात गेलं होतं आणि तोंड जमिनीला लागायला आलं होतं. एखादी गाय चारा हुंगायला वाकते तशी गाडी रस्ता हुंगत होती.

"गजेंद्र, हे जास्त झालं."

"पाटे नवे आहेत न काका. बसायले टाइम लागते त्याईले. चालवा, बसतीन."

जानराव गाडी घेऊन मळ्याकडे निघाले. वाटेत बेबीताईंना घेतलं. गतिरोधक आला आणि त्या दोघांना कळलं, की रिकामी गाडी जेव्हा हत्तीसाठी बनवलेली असते तेव्हा ती माणसाला आत ठेवायला तयार नसते. पहिल्या गतिरोधकावर जानरावांचं डोकं छताला लागलं. दुसऱ्यावर बेबीताईंचं लागलं. तिसऱ्यावर दोघांचंही लागलं आणि मग संसारात इतकी वर्षं न झालेली एक गोष्ट झाली. बेबीताईंनी नवऱ्याला सांगितलं, "तुम्ही उतरा. मी पायी येते आणि तुम्ही बी पायी या."

पण खरी परीक्षा संध्याकाळी झाली. मळ्यातून येताना नमुना म्हणून बेबीताईंनी फळांचं एकच क्रेट हौद्यात ठेवलं. गवत घातलं, वर गोणपाट घातलं, बाळाला झोपवावं तसं सगळं केलं. कॉलनीत येऊन गोणपाट काढलं तर क्रेटमध्ये फळ नव्हतं. रबडी होती, बियांसकट. पुष्पाबाईंनी चमचा आणला. चव फार चांगली होती, हे सगळ्यांनी मान्य केलं. बेबीताईंनी मात्र चमचा हातात घेतला नाही. त्या पायरीवर बसून क्रेटकडे बघत राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "व्यापाऱ्यालेच बोलवा मंग."

जानरावांनी बायकोचा मोठा आवाज आयुष्यभर ऐकला होता. त्याची त्यांना सवय होती. हा हळू आवाज त्यांना सहन झाला नाही. त्यांनी गजेंद्रला फोन लावला आणि ज्या भाषेत ते एरवी फक्त बांध कोरणाऱ्यांशी बोलत त्या भाषेत बोलले.

गजेंद्र शांत होता. "काका, तिले वजन पाहिजे. वजन टाका, गाडी लोण्यासारखी चालते का नाही पाहा. रेतीचे पोते टाका पाच-सहा. रेती कशी, हालत नाही न."

किसनरावही म्हणाले की हे बरोबर आहे, एसटीचं उदाहरण घ्या, भरलेली एसटी कशी मऊ चालते. घराच्या कंपाउंडचं प्लास्टर झालं तेव्हाची उरलेली रेती मागच्या बाजूला पडून होतीच. सकाळी सगळ्यांनी मिळून पोती भरली आणि हौद्यात टाकली. गाडी हळूहळू खाली आली. जानरावांनी नोकरीतली आपली पाणसळ आणून हौद्यावर ठेवली. काचेतला बुडबुडा थोडा इकडे, थोडा तिकडे गेला आणि बरोबर मधोमध येऊन थांबला. गाडी सपाट झाली होती. किसनरावांनी नंतर सांगितलं की जानरावांचे डोळे ओले दिसत होते.

शेगावला जायचा तो दिवस होता, पण आधी मळ्यातून माल भरून घ्यायचा होता. पुढे जानराव आणि बेबीताई गाडीत, मागे स्कूटरवर किसनराव आणि पुष्पाबाई. ते दोघं कशासाठी येत होते हे कोणी विचारलं नाही. 'पाहायला' एवढंच त्यांनी सांगितलं होतं. गाडी खरोखर लोण्यासारखी चालली. गतिरोधकावर बेबीताईंनी सवयीने छताला हात लावला, पण छत जागेवर आणि त्याही जागेवर. त्या किंचित हसल्या.

फाट्यावर समता मॅडम उभ्या होत्या. जानरावांनी स्वतःहून गाडी थांबवली. मान देण्यासाठी आणि, खरं सांगायचं तर, दाखवण्यासाठी.

मॅडमनी मागून पाहिलं, बाजूने पाहिलं. "छान झाली काका. एकदम लेव्हल. कसं केलं?" असं म्हणत त्यांनी कौतुकाने हौद्यात डोकावलं.

मग एका पोत्याचं तोंड सोडून त्यांनी आत हात घातला.

"काका," मॅडम म्हणाल्या, "ही रेती आहे."

"हाव," जानराव म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"परवाना?"

"घरची आहे मॅडम. प्लास्टरची उरलेली. वजनासाठी टाकली."

"म्हणजे गाडी रिकामी होती तेव्हा भरलेली दिसत होती, आणि आता भरलेली आहे तर रिकामी दिसते."

जानरावांना हे वाक्य इतकं अचूक वाटलं की त्यांनी नकळत मान हलवली. किसनराव स्कूटरवरून उतरून एसटीचं उदाहरण देऊ लागले, ते त्यांना मध्येच थांबवावं लागलं. मॅडम वाईट नव्हत्या. पोत्यातली रेती चाळलेली, वाळलेली, त्यात मांजराने केलेले उद्योगही स्पष्ट दिसत होते. नदीतून काल उपसलेली ही रेती नव्हे एवढं त्यांना कळलं. पण पथकासमोर सापडलेली रेती तशीच पुढे जाऊ देता येत नाही. त्यांनी गाडी सोडली आणि पोती गावच्या पोलीस पाटलांच्या ओट्यावर उतरवून घेतली. पावती आणून दाखवली की घेऊन जा, असं सांगितलं. पोती उतरली आणि गाडीने पुन्हा बूड आभाळात नेलं.

मळ्यात सरस्वतीबाई आणि तिच्या जोडीच्या बाया पहाटेपासून तोडणीला लागल्या होत्या. क्रेट भरून सावलीत ओळीने मांडली होती. एकेक फळ हाताएवढं, डोळे उघडलेलं, हिरव्यावर पांढरट लव. ह्या क्रेटांचं वजन गाडीला काहीच नव्हतं. हत्तीच्या गाडीला ते उंदराएवढं. आणि जोवर वजन नाही तोवर हा सगळा माल शेगावपर्यंत रबडी होणार हे सगळ्यांना दिसत होतं. दगड टाकावे तर दगड हलतील आणि फळांवर येतील. माती टाकावी तर फाट्यावर मॅडम होत्या. त्यांना माती आणि रेती ह्यांचं नातं माहीत होतं.

जानराव हौद्याकडे बघत उभे राहिले. मग सावलीत बसलेल्या बायांकडे बघितलं. मग किसनरावांकडे, मग पुष्पाबाईंकडे.

"सरस्वतीबाई," ते म्हणाले, "शेगावले येता का?"

सरस्वतीबाई हातातलं फळ ठेवून उभी राहिली. "आता?"

"आता. सगळ्या जणी. क्रेट मांडीवर घेऊन बसायचं. बस, दुसरं काम नाही."

शेगावला फुकट, गाडीतून, तेही कामाच्या दिवशी. बायांनी विळे झोपडीत फेकले, किसनरावांनी स्कूटर झोपडीमागे लावली. पुष्पाबाई तर आधीच हौद्याच्या मागच्या फाळक्यापाशी उभ्या होत्या. "मीनं मनातल्या मनात म्हटलंच होतं, महाराजाईचं बलावणं आहे म्हणून."

आता प्रश्न होता कोणी कुठे बसायचं. किसनरावांनी सूत्रं हातात घेतली. "जड माणसं मधात, हलके कडेले. चला, आपापलं वजन सांगा."

कोणीही वजन सांगितलं नाही. सरस्वतीबाईने आभाळाकडे पाहिलं. पुष्पाबाई म्हणाल्या की गेल्या वेळेस काटा बिघडलेला होता. शेवटी जानरावांनी पाणसळ काढली. ती हौद्याच्या कडेवर ठेवली आणि एकेकीला चढवत गेले. बुडबुडा मागे गेला की एक बाई पुढे, डावीकडे गेला की एक बाई उजवीकडे. लोकांच्या शेतात उन्हातान्हात मोजणीचं टेबल मांडून त्यांनी जी कामं केली होती त्यांत इतकं कसून केलेलं एकही नव्हतं. "पुष्पाबाई, थोडं इकडे. आणखी थोडं. राहू द्या. सरस्वतीबाई, हालू नका." आणि बुडबुडा मधोमध थांबला. प्रत्येकीच्या मांडीवर एक क्रेट, क्रेटखाली गवत आणि लुगडं. किसनरावांच्या मांडीवर दोन, कारण ते म्हणाले होते की त्यांना स्टोअरची सवय आहे.

फाट्यावर समता मॅडमनी हात केला. ताडपत्री नव्हतीच. त्यांनी आत पाहिलं. बायांनी क्रेट छातीशी धरली. पुष्पाबाईंनी नमस्कार केला.

"ह्याच्यात रेती नाही," जानराव म्हणाले.

"दिसते," मॅडम म्हणाल्या. मग थोडा विचार करून म्हणाल्या, "मालाच्या गाडीत माणसं बसवत नाहीत, काका. पण तो विषय माझ्या खात्याचा नाही." आणि सरस्वतीबाईने दिलेली दोन सीताफळं, घ्यावी की न घ्यावी असं होऊन, शेवटी एक परत करून एक त्यांनी घेतलं.

धाड रोडवर गजेंद्र दुकानाबाहेर उभा होता. सपाट गाडी येताना पाहून तो रस्त्यातच आला. त्याने वाकून पाटे पाहिले, उठून बाया पाहिल्या, आणि त्याला राहवलं नाही. विटांवर उभा असलेला एका गिऱ्हाइकाचा ट्रॅक्टर तसाच ठेवून तो पुढे केबिनमध्ये चढला. बेबीताईंना आत सरकावं लागलं. "पाट्याचा आवाज ऐकतो काका," तो म्हणाला. "उद्या येऊन करतो ते ट्रॅक्टरचं."

बोथ्याच्या घाटात एका वळणावर मागून सगळ्या बाया एकदम किंचाळल्या. जानरावांनी घाबरून गाडी थांबवली, तर मोर होता. खामगावनंतर रस्ता सरळ लागला आणि मागून गाणी सुरू झाली. कोणाचं कोणाला लागू नव्हतं, पण आवाज होता.

शेगावात रस्त्याच्या कडेला गाडी लावली, फाळका पाडला आणि क्रेट उघडली. बेबीताईंनी पहिल्या क्रेटवरचं गवत बाजूला करताना डोळे मिटले होते. उघडले तेव्हा फळं होती. सगळी. दुसऱ्या क्रेटमध्येही, तिसऱ्यातही. किसनरावांच्या दोन क्रेटांत एक फुटलं होतं, पण ते गाडीने फुटलेलं नव्हतं, असा पुष्पाबाईंना संशय होता, आणि किसनरावांच्या मिशीला काहीतरी लागलेलं होतं.

त्यानंतर जे झालं ते जानराव बाजूला उभं राहून पाहत होते. बेबीताईंचा मोठा आवाज परत आला होता. "घरचे आहेत, माळावरचे, पाणी कमी आन् साखर जास्त," असं त्या सांगत आणि दर्शनाहून येणारी माणसं थांबत. सरस्वतीबाई फळ फोडून हातावर ठेवत असे. गजेंद्र पिशव्या भरत होता. दुपार कलायच्या आत क्रेट रिकामी झाली. मग पुष्पाबाई आणि बाया दर्शनाला गेल्या, आल्या त्या कचोऱ्यांचे पुडे आणि हातभर बांगड्या घेऊन.

परत निघताना बेबीताई म्हणाल्या, "मी मांगं बसते," आणि नवऱ्याच्या उत्तराची वाट न बघता चढल्या.

ऊन उतरलं होतं. जानराव गाडी चालवत होते. शेजारी गजेंद्र डोळे मिटून पाटे ऐकत होता. मागे मात्र हसणं चाललं होतं. आधी एकट्या बेबीताई काहीतरी सांगत, मग थोडी शांतता, मग सगळ्यांचा मिळून हशा. पुन्हा सांगणं, पुन्हा हशा. किसनरावांचाही आवाज त्यात होता. जानरावांनी काच खाली केली. वाऱ्याने शब्द उडून जात होते, फक्त हसणं पुढे येत होतं. खामगाव गेलं. घाट अजून लांब होता. त्यांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली आणि किल्ली तशीच ठेवून खाली उतरले.

"गजेंद्र, तू चालव."

"काय झालं काका?"

"डाव्या बाजूले वजन कमी पडून राह्यलं."

गजेंद्रने पाट्यांचा आवाज ऐकला होता आणि त्याला तसं काही वाटलं नव्हतं, पण तो सरकून स्टिअरिंगवर बसला. जानराव मागे आले, फाळक्याला धरून, जमेल तेवढ्या गांभीर्याने वर चढले. बायांनी दोन्हीकडून जागा केली. सरस्वतीबाईने एक रिकामं क्रेट उलटं करून दिलं. कोणीतरी कचोरी हातात ठेवली. गाडी सुरू झाली. ते चढल्यापासून सगळे एकदम गप्प झाले होते आणि एकमेकांकडे न बघायचा प्रयत्न करत होते.

"कायले हासून राह्यले होते सगळे?" जानरावांनी विचारलं.

बेबीताईंनी पदर तोंडाला लावला. "तुमच्यावरच."

जानरावांनी कचोरीचा घास घेतला, तो नीट चावला आणि बायांकडे एकदा इकडून तिकडे पाहिलं.

"मंग थांबल्या काऊन?" ते म्हणाले.